करारातले वकील आणि कराराबाहेरची जनता

३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालाने कंपन्यांच्या पगारी वकिलांना त्यांचे खरे स्थान दाखवून दिले. अशिलाला सल्ला दिला एवढ्याच कारणावरून तपास यंत्रणा वकिलांना समन्स धाडू लागल्या होत्या. म्हणून न्यायालयाने हे प्रकरण स्वतःहून हाती घेतले. स्वतंत्रपणे वकिली करणाऱ्यांना आणि त्यांच्या अशिलांना न्यायालयाने संरक्षण दिले. मात्र कंपनीत पूर्णवेळ नोकरी करणारा विधी सल्लागार हा न्यायालयात वकिली करणारा अधिवक्ता नव्हे, म्हणून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ खालील गोपनीयतेचा विशेषाधिकार त्याला मिळणार नाही, असा निर्वाळाही त्याच निकालात देण्यात आला.

वकिलांच्या आपसातल्या या मानापमानाशी कामगार चळवळीचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो थेट आहे. ज्या उद्योगात आज मालकी, इंधन आणि कायदा ही तिन्ही एकाच वेळी पालटत आहेत, त्या वीजउद्योगात जनतेची लूट कारखान्याच्या फाटकावर जितकी होते तितकीच, किंबहुना त्याहून अधिक, कराराच्या कलमांतून होते. ही कलमे कोणी मंत्री लिहीत नाही, कोणी उद्योगपतीही लिहीत नाही. ती लिहितो कंपनीच्या विधी विभागातला पगारी कायदेपंडित. त्याचे वर्गीय स्थान काय, तो कोणासाठी राबतो आणि त्याच्याकडे पक्षाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा म्हणूनच आज चळवळीपुढचा व्यावहारिक प्रश्न आहे.

ना वकील, ना कामगार

चेन्नईतील वेस्ट मांबलम ही अशा पगारदारांची जुनी वस्ती. मांबलम स्टेशनच्या पूर्वेला टी. नगरची रंगनाथन स्ट्रीट आणि तिथली खरेदीदारांची रेटारेटी. रुळांच्या पश्चिमेला आर्य गौडा रोड, अयोध्या मंडपम, लेक व्ह्यू रोड आणि दाटीवाटीची मध्यमवर्गीय घरे. तंजावर-कुंभकोणमकडून, कावेरीच्या खोऱ्यातून शहरात आलेल्या कुटुंबांनी कारकुनी, रेल्वे, बँका, हिशेबतपासणी आणि वकिली यांच्या बळावर ही वस्ती उभी केली. मुंबईचे माटुंगा किंवा पुण्याची सदाशिव पेठ ज्यांनी पाहिली आहे, त्यांना तिचे सामाजिक रूप वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. एकेकाळी अशा घरातील कायद्याच्या पदवीधराचे स्वप्न मद्रास उच्च न्यायालयात स्वतःच्या नावाने उभे राहण्याचे असे. आज त्याच घरातील मुलगा किंवा मुलगी एखाद्या औष्णिक, पवन किंवा सौर वीजकंपनीच्या विधी विभागात रुजू होते.

त्यांचे काम तरी काय असते? निविदेच्या अटी वाचणे, वीजखरेदी कराराचा मसुदा तपासणे, रामनाथपुरम किंवा तुतिकोरिन जिल्ह्यातील जमिनींचे सातबारासारखे उतारे पाहून भाडेपट्टे तयार करणे, कर्ज देणाऱ्या बँकांना हमीपत्रे लिहून देणे, प्रकल्पाला विलंब झाला की दंड टाळण्यासाठी नोटिसा पाठवणे, आणि नवा कर किंवा नवे शुल्क आले की त्याचा बोजा खरेदीदाराच्या माथी मारण्यासाठी नियामक आयोगापुढे दाव्याची तयारी करणे. काळा कोट घालून युक्तिवाद करणारा ज्येष्ठ वकील वेगळा; त्याच्या हाती कागद देणारा हा माणूस पडद्याआड राहतो.

कायद्याच्या लेखी हा कोण? हिमाचल प्रदेश वीज मंडळाच्या एका विधी अधिकाऱ्याला मिळालेली वकिलीची सनद बार कौन्सिलने परत घेतली, तेव्हा २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती कृती योग्य ठरवली: जो पूर्णवेळ पगारी नोकर आहे तो नोकरीत असेतो वकील म्हणून व्यवसाय करू शकत नाही. पाच वर्षांनी, २००६ साली, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या कानपूरच्या म्यूर मिल्समधील विधी सहायकाचे प्रकरण त्याच न्यायालयापुढे आले. कामावरून कमी केलेल्या या सहायकाने औद्योगिक विवाद कायद्याचा आधार मागितला होता. कायद्याचा व्यावसायिक हा त्या कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे, असे सांगून न्यायालयाने तोही आधार काढून घेतला. आणि आता २०२५ चा निकाल. पहिल्या निकालाने वकिलीची सनद गेली, दुसऱ्याने कामगाराचे संरक्षण गेले, तिसऱ्याने सल्ल्याची गोपनीयता गेली. नोकर म्हणून तो वकील नाही आणि वकील म्हणून तो कामगार नाही! उरतो तो निव्वळ मालकाचा माणूस.

यात नवल ते काय? भांडवलशाहीने वकील, वैद्य, शास्त्रज्ञ यांच्यासारख्या मानाच्या व्यवसायांनाही आपले पगारी नोकर बनवले आहे, हे मार्क्स आणि एंगल्स यांनी १८४८ च्या जाहीरनाम्यातच दाखवून दिले होते. युरोपीय संघाच्या न्यायालयानेही २०१० साली अ‍ॅक्झो नोबेल प्रकरणात हेच मान्य केले: जो आपल्या मालकावर आर्थिकदृष्ट्या अवलंबून आहे, त्याला स्वतंत्र वकिलाइतके स्वातंत्र्य असूच शकत नाही. मार्क्सवाद्यांनी हे सांगितले की तो 'प्रचार' ठरतो. न्यायमूर्तींनी सांगितले की तो कायदा होतो.

वीज जेव्हा लोकांची होती

या माणसाचे काम आज जे आहे ते नेहमीच तसे नव्हते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे वीजविषयक धोरणाची जबाबदारी होती. ऑक्टोबर १९४३ मध्ये धोरण समितीपुढे बोलताना या बॅरिस्टरने प्रश्न नेमका मांडला होता: देशाला नुसती वीज नको, ती स्वस्तात स्वस्त आणि मुबलक हवी, आणि हे साधायचे तर तिची मालकी कोणाकडे असावी, याचा निर्णय आधी केला पाहिजे. १९४८ च्या वीज पुरवठा कायद्याने राज्य वीज मंडळांचा पाया घातला. १ जुलै १९५७ रोजी मद्रास राज्याचे वीज मंडळ स्थापन झाले. त्याच वर्षी केरळात निवडून आलेल्या कम्युनिस्ट सरकारात कायदा आणि वीज ही दोन्ही खाती एकाच वकिलाच्या, व्ही. आर. कृष्ण अय्यर यांच्या, हाती होती. मद्रासचे बॅरिस्टर मोहन कुमारमंगलम कम्युनिस्ट चळवळ सोडून पुढे काँग्रेसमध्ये गेले. त्यांच्या त्या वाटचालीचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु खाणमंत्री या नात्याने १९७१ ते १९७३ या काळात देशातील कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण घडवून आणण्यात त्यांचा वाटा मोठा होता, हे नाकारता येत नाही. कायद्याचे तेच ज्ञान, तेच कलमांचे कौशल्य. पण ते मालकाच्या नफ्यासाठी नव्हे तर मालकाकडून खाण काढून घेण्यासाठी वापरले गेले.

१९९१ नंतर चक्र उलटे फिरले. वीजनिर्मिती खासगी भांडवलाला खुली झाली आणि १९९२ च्या अधिसूचनेने गुंतवणूकदाराला त्याच्या भागभांडवलावर १६ टक्के परताव्याची हमी दिली. तीही केंद्र ६८.५ टक्के क्षमतेने चालले तरी! कोणत्या शेतकऱ्याला, कोणत्या हातमागवाल्याला असा परतावा सरकारने कधी लिहून दिला आहे? २००३ च्या वीज कायद्याने मंडळांचे तुकडे करण्याचा मार्ग मोकळा केला. महाराष्ट्रात २००५ साली वीज मंडळाचे विभाजन झाले. तामिळनाडूत २०१० साली आणि पुन्हा २०२४ साली झाले. कोळसा राष्ट्रीयीकरणाचा कायदा २०१८ साली रद्दच झाला आणि २०२० साली खाणींचा व्यापारी लिलाव सुरू झाला. एका मंडळाच्या जागी अनेक कंपन्या आल्या आणि जे काम पूर्वी मंडळाच्या अंतर्गत आदेशाने होत असे, त्यासाठी कंपनी-कंपनीत करार होऊ लागले. प्रत्येक कराराला दोन बाजू, प्रत्येक बाजूला विधी विभाग आणि प्रत्येक वादाला आयोग, अपीलीय न्यायाधिकरण व सर्वोच्च न्यायालय अशी पायऱ्यांची उतरंड. वेस्ट मांबलमच्या पदवीधराला मिळालेली नोकरी ही या विभाजनाचीच उपज आहे. 'बदलत्या ऊर्जा क्षेत्रातील नव्या संधी' म्हणून जिचा डांगोरा पिटला जातो तिचे मूळ हे असे आहे.

दाभोळचा धडा

महाराष्ट्राच्या जनतेला या कलमांची चव सर्वांत आधी चाखावी लागली. ८ डिसेंबर १९९३ रोजी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाने एन्रॉनच्या दाभोळ पॉवर कंपनीबरोबर वीजखरेदी करार केला. स्पर्धात्मक निविदा नव्हत्या. हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही, असा इशारा खुद्द जागतिक बँकेने त्याच वर्षी दिला होता. तरीही डॉलरशी निगडित दर, वीज घेतली नाही तरी द्यावयाचा क्षमता-आकार, लंडनमधील लवाद आणि सरकारी हमी या सर्वांवर सह्या झाल्या. १९९५ साली राज्य सरकारने करार रद्द केल्याची गर्जना केली. लवादाची नोटीस येताच वाटाघाटी सुरू झाल्या आणि अधिक मोठा करार पदरात पडला. मे १९९६ मध्ये अवघे १३ दिवस टिकलेल्या वाजपेयी सरकारने जाता जाता केंद्राच्या प्रतिहमीला मान्यता दिली. सीटूने आणि अभय मेहता यांनी या कराराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. सरकारच्या वर्तनावर ताशेरे ओढूनही डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्याची तयारी दाखवली ती राज्य सरकारच्या वर्तनापुरती. कंपनीला त्यातून वगळले.

शेवट सर्वांना ठाऊक आहे. १९९९ साली पहिला टप्पा सुरू झाला, मंडळाला वीज परवडेना, २००१ च्या मे महिन्यात केंद्र बंद पडले आणि त्याच वर्षी २ डिसेंबरला अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे निघाले. एन्रॉनच्या एका उपाध्यक्षेने १९९५ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सांगितले होते की, भारतातील या प्रकल्पाच्या पूर्वतयारीवर आणि संबंधितांच्या 'शिक्षणा'वर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. हे शिक्षण कोणाला मिळाले हे कधी उघड झाले नाही. त्याची फी कोणी भरली हे मात्र महाराष्ट्रातील प्रत्येक वीजग्राहक सांगू शकेल.

आणि एन्रॉनच्या स्वतःच्या वकिलांचे काय? दिवाळखोरीच्या न्यायालयाने नेमलेल्या तपासनिसाने २००३ च्या अंतिम अहवालात कंपनीच्या अंतर्गत वकिलांच्या कर्तव्यच्युतीवर बोट ठेवले. हिशेबातील हातचलाखीच्या व्यवहारांचे कागद त्यांच्या टेबलावरून गेले होते. त्यांच्यापैकी काहींना शंका आली नव्हती असे नाही. पण शंका घेणे आणि पगार देणाऱ्याला अडवणे यांत जे अंतर असते ते पार करणे बहुतेकांना जमले नाही. अमेरिकी भांडवलशाहीलाच हा प्रकार इतका महाग पडला की, २००२ च्या सर्बान्स-ऑक्सली कायद्याने कंपनीच्या वकिलावर गैरव्यवहाराची माहिती वरपर्यंत, थेट संचालक मंडळापर्यंत नेण्याचे बंधन घालावे लागले. लक्षात घ्यावे: संचालक मंडळापर्यंत, जनतेपर्यंत नव्हे. भागधारकाचा पैसा बुडू नये एवढीच ती चिंता होती.

तामिळनाडूचा अनुभव जातीने वेगळा नाही. चेन्नई शहरातच, बेसिन ब्रिज येथे, तेलावर चालणारा २०० मेगावॅटचा खासगी प्रकल्प उभा राहिला. पिल्लैपेरुमाळनल्लूर येथे पीपीएन कंपनीचा प्रकल्प आला. अशा प्रकल्पांच्या महाग विजेचा भार मंडळावर पडला आणि देयकांचे तंटे वर्षानुवर्षे चालले. पीपीएनच्या थकबाकीच्या वादात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी वितरण कंपनीचे अपील फेटाळले. करारावर सही झाली त्या दिवशीच हा खटला हरला गेला होता. निकाल पुढे केव्हा तरी लागला, इतकेच.

इंधन नवे, कलम जुनेच

आता सांगितले जाते की तो काळ मागे पडला. कोळशाचा धूर जाऊन सूर्याचा प्रकाश आला. सौर आणि पवन कंपनीत काम करणारा वकील हा पृथ्वी वाचवण्याच्या कार्यात सहभागी आहे. या भूलथापेचा समाचार घेतलाच पाहिजे.

सौर आणि पवन ऊर्जा कामगारवर्गाला हवीच आहे. तामिळनाडूत पवनऊर्जेची सुरुवात कोणा गुंतवणूकदाराने नव्हे तर सार्वजनिक क्षेत्राने केली. १९८६ साली तुतिकोरिनजवळ मुल्लक्काडू येथे प्रात्यक्षिक प्रकल्प उभा राहिला तो सरकारी पुढाकाराने. प्रश्न वाऱ्याचा किंवा उन्हाचा नाही, मालकीचा आहे. आणि मालकी जोवर तीच आहे तोवर करारही तोच राहतो.

याचा उत्तम पुरावा म्हणजे 'कायद्यातील बदल' या नावाचे कलम. प्रत्येक वीजखरेदी करारात ते असते. त्याचा आशय साधा: करारानंतर सरकारने कायदा, कर किंवा शुल्क बदलले आणि कंपनीचा खर्च वाढला, तर जणू तो बदल झालाच नाही अशा आर्थिक स्थितीत कंपनीला परत आणून ठेवायचे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, २०१८ साली आयात सौर पट्ट्यांवर संरक्षण शुल्क आले. दोन्ही वेळा सौर कंपन्यांच्या विधी विभागांनी याच कलमाखाली आयोगांपुढे दावे लावले आणि वाढीव खर्च खरेदीदार वितरण कंपन्यांवर, म्हणजे अखेर ग्राहकाच्या बिलावर, टाकण्याचे आदेश मिळवले. देशी उद्योगाच्या रक्षणासाठी लावलेले शुल्क आयातदार कंपनीने भरले ते केवळ कागदावर!

कोळशाच्या कंपन्यांनी याच कलमाचा पल्ला आणखी ताणून पाहिला. गुजरातेत मुंद्रा येथील अदानी आणि टाटा यांच्या प्रकल्पांनी इंडोनेशियाच्या स्वस्त कोळशाच्या भरवशावर कमी दर लावून करार मिळवले होते. टाटांच्या प्रकल्पातून वीज घेण्याच्या करारात महाराष्ट्रही होता. २०१०-११ मध्ये इंडोनेशियाने निर्यातीचे दर बाजारभावाशी जोडताच कंपन्यांनी नुकसानभरपाईचा धोशा लावला. ११ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, परदेशातील कायदा हा करारातला 'कायदा' नव्हे आणि भाववाढ ही काही दैवी आपत्ती नव्हे. देशांतर्गत कोळसा वाटपाच्या धोरणातील बदल मात्र न्यायालयाने 'कायद्यातील बदल' मानला आणि ती खिडकी उघडी राहिली. २०२३ साली महाराष्ट्रात तिरोड्याच्या अदानी प्रकल्पाच्या भरपाईविरुद्ध महावितरणने केलेले अपील फेटाळले गेले ते याच धाग्यावर. इकडे गुजरात सरकारने २०१८ साली समिती नेमली आणि न्यायालयाने नाकारलेल्या दिलाशाच्या शिफारशी डिसेंबरमध्ये मान्यही केल्या. दारातून बाहेर काढलेला दावा खिडकीतून आत आला.

तामिळनाडूतील सौर कंपन्यांचे प्रकरण याच माळेतले. सौर विजेला ग्रिडमध्ये अग्रक्रम असतो. ती अकारण थांबवता येत नाही. राज्याच्या भार नियंत्रण केंद्राने ती वेळोवेळी कमी केली, म्हणून कंपन्या अपीलीय न्यायाधिकरणात गेल्या. ग्रिडच्या सुरक्षिततेशिवाय अन्य कारणाने केलेल्या कपातीबद्दल करारदराच्या ७५ टक्के भरपाई द्यावी, असा निर्णय ऑगस्ट २०२१ मध्ये झाला. सौर वीज वाया जाऊ नये हे तत्त्व रास्तच आहे. पण सार्वजनिक कंपनी ती वीज का नाकारते? जुन्या करारांनी तिचे हातपाय आधीच बांधले आहेत. औष्णिक केंद्रांचा स्थिर आकार वीज घेतली नाही तरी भरावाच लागतो, आणि रोखीची चणचण तर पाचवीलाच पुजलेली. कोळशाच्या मालकाला न घेतलेल्या विजेचे पैसे, सूर्याच्या मालकाला न निर्मिलेल्या विजेचे पैसे. दोन्हीकडून भरणारा एकच, तो म्हणजे ग्राहक आणि करदाता.

आता याच कसोटीवर कामगाराला लावून पाहावे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार श्रमसंहिता अंमलात आणल्या आणि दशकांच्या लढ्यांनी मिळवलेले २९ कायदे मोडीत काढले. कायद्यात याहून मोठा बदल तो कोणता? परंतु तिरोड्याच्या कंत्राटी कामगाराला, नेयवेलीच्या खाणकामगाराला, मुंबईच्या वायरमनला 'जणू बदल झालाच नाही' अशा स्थितीत परत आणून ठेवणारे कलम कोणत्या करारात आहे? उद्या कोळशाचे केंद्र बंद झाले तर त्याचा मालक भरपाईचा दावा घेऊन आयोगाच्या दारी जाईल. त्याच केंद्रातला हेल्पर कोणाच्या दारी जाणार? वीजखरेदी कराराच्या शेकडो पानांत गुंतवणूकदार आहे, धनको बँक आहे, विमा कंपनी आहे, कामगार नाही. तो नजरचुकीने राहून गेलेला नाही. त्याच्या वतीने लिहिणारा कोणी त्या खोलीत नव्हता.

दोन चुकीच्या भूमिका

या प्रश्नावर दोन चुकीच्या भूमिका आढळतात आणि दोहोंशी लढले पाहिजे.

पहिली भूमिका उदारमतवाद्यांची. त्यांच्या मते वकील हा वैद्यासारखा. रोग्याची जात वैद्य विचारत नाही, तसे अशिलाचे हेतू वकील विचारत नाही. सामान्य वकिलाबाबत या म्हणण्यात काही तथ्य असू शकेल, कारण आज तो कंपनीचे वकीलपत्र घेतो, उद्या कंपनीविरुद्ध घेऊ शकतो. मद्रासच्या वकील मंडळींतूनच व्ही. जी. राव यांच्यासारखे कम्युनिस्ट बॅरिस्टर निघाले, ज्यांच्या संघटनेवरील बंदीविरुद्धचा १९५२ चा निकाल आजही नागरी स्वातंत्र्याचा आधार मानला जातो. पण ज्याला जन्मभर एकच अशील आहे आणि तो अशीलच त्याचा मालक आहे, त्याच्या तटस्थतेच्या गोष्टी कोणी कराव्यात? दख्खनच्या खेड्यात सावकाराचा कारकून गहाणखत लिहीत असे, तेव्हा तोही म्हणू शकला असता की आपण केवळ अक्षरे काढतो!

दुसरी भूमिका काही कार्यकर्त्यांच्या तोंडी ऐकू येते: हे सगळे मालकांचे दलाल, त्यांच्याशी बोलणे म्हणजे वेळ दवडणे. ही भूमिका कडवी दिसते, पण वर्गीय विश्लेषणाचा तिच्यात अभाव आहे. विधी विभाग हा एकजिनसी नसतो. वरच्या टोकाला समभागांत वाटा मिळवणारा, संचालकांच्या पंगतीला बसणारा प्रमुख विधी अधिकारी असतो. त्याचे हितसंबंध भांडवलाशी जुळलेले आहेत, त्याच्याबद्दल भ्रम नको. पण खालच्या टोकाला मुदतीच्या नेमणुकीवर राबणारे तरुण पदवीधर आहेत, ज्यांच्या कामाचे तास मोजले जात नाहीत, ज्यांना संघटना नाही आणि ज्यांचे मसुदे तपासण्याचे काम आता संगणकाकडे सोपवले जात आहे. वेस्ट मांबलममधील अशा कुटुंबाचे घरभाडे, मुलांच्या फिया आणि घराचे हप्ते पगारातूनच जातात, नफ्यातून नव्हे. तामिळनाडूत घरगुती ग्राहकाला दोन महिन्यांतील पहिल्या १०० युनिटांची जी सवलत २०१६ पासून मिळू लागली तीच त्याच्या घरालाही मिळते. आणि खासगीकरणाने ती गेली तर त्याच्याही घरातून जाईल. डिसेंबर २०१५ च्या महापुरात वेस्ट मांबलमच्या गल्ल्या पाण्याखाली गेल्या. शहराचा तुटलेला वीजपुरवठा पुन्हा जोडला तो मंडळाच्या कर्मचाऱ्यांनी आणि नोकरीत कायम होण्यासाठी वर्षानुवर्षे झगडणाऱ्या कंत्राटी कामगारांनी. कोणत्याही गुंतवणूकदाराने नव्हे. आपल्या घरातला दिवा कोणाच्या श्रमाने लागतो हे ज्याला कळते, तो कराराचे कलमही वेगळ्या नजरेने वाचू शकतो. हा थर डळमळणारा आहे, म्हणूनच त्याला आपल्या बाजूला ओढण्याचा प्रयत्न करावयाचा. डळमळणाऱ्याला शत्रूच्या छावणीत ढकलून देणे ही क्रांतिकारकता नव्हे, आळस आहे.

खते-रोखे उजेडात आणा

मग करावयाचे काय?

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले तेव्हा त्यांचा रोख प्रामुख्याने खत्यांवर आणि रोख्यांवर होता. आपल्याला वाचता न येणाऱ्या कागदावर नांगराची निशाणी करून आपली जमीन गेली, हे त्या निरक्षर कुणब्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. त्या उठावानंतर १८७९ साली ब्रिटिश सरकारला कायदा करावा लागला आणि शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिण्याची व्यवस्था करावी लागली. आजचा वीजग्राहक साक्षर आहे. पण त्याच्या नावाने होणारा २५ वर्षांचा करार त्याच्या भाषेत नसतो आणि सही होण्यापूर्वी तो त्याच्या दृष्टीसही पडत नाही. निशाणी त्याचीच, नांगर तेवढा गेला.

म्हणून पहिली मागणी: सार्वजनिक वितरण कंपनीचा प्रत्येक वीजखरेदी करार, त्याचा मसुदा आणि नंतरचा प्रत्येक भरपाईचा दावा सही होण्यापूर्वी व आदेश होण्यापूर्वी लोकभाषेत, मराठीत, तामिळमध्ये, ज्या राज्याची जी भाषा असेल तिच्यात, प्रसिद्ध झाला पाहिजे. व्यापारी गुपिताचा बुरखा इथे चालू देता कामा नये. जिथे पैसा जनतेचा आहे तिथे गुपित कोणापासून?

दुसरी मागणी: गुंतवणूकदाराला जसे 'कायद्यातील बदला'पासून संरक्षण आहे तसेच प्रत्येक करारात कामगाराला हवे. केंद्र बंद झाले, इंधन पालटले, परवाना दुसऱ्याकडे गेला, तरी कायम आणि कंत्राटी दोन्ही कामगारांच्या नोकरीची, वेतनाची आणि पुनर्प्रशिक्षणाची हमी कराराचा भाग झाली पाहिजे.

तिसरी: सार्वजनिक वीजकंपन्यांच्या विधी विभागांत कायम नेमणुका झाल्या पाहिजेत. समोरची कंपनी निष्णात वकिलांची फौज उभी करते आणि सरकारी कंपनी तारीख आली की बाहेरचा वकील शोधते. मग निकालाचे आश्चर्य कसले? गैरव्यवहार उघड करणाऱ्या विधी अधिकाऱ्याला संरक्षण मिळाले पाहिजे. २०१४ साली संमत झालेला जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा वर्षानुवर्षे अंमलात आणला गेला नाही, यावरूनच सरकारची नियत दिसते.

आणि चौथे काम संघटनेचे. आयोगांच्या जाहीर सुनावण्या हे आजवर आपण दुर्लक्षिलेले रणक्षेत्र आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये तामिळनाडूच्या आयोगाने दरवाढीवर कोईमतूर, मदुराई आणि चेन्नई येथे सुनावण्या घेतल्या. महाराष्ट्रातही त्या होतात. तिथे घोषणांबरोबर कलमांचा अभ्यास घेऊन गेले पाहिजे, आणि तो अभ्यास करू शकणारे तरुण वकील वेस्ट मांबलममध्ये जसे आहेत तसेच ठाण्यात, नागपुरात आणि कोल्हापुरातही आहेत. त्यांना वीज कामगारांच्या संघटनांच्या अभ्यासमंडळांत आणा. जे नोकरीत राहून उघड बोलू शकत नाहीत, त्यांनाही निदान हे समजू द्या की आपला अनुभव मालकाची मिरास नाही.

जानेवारी २०२३ मध्ये महाराष्ट्रातील वीज कर्मचाऱ्यांच्या ३१ संघटना अदानी कंपनीच्या समांतर परवान्याच्या प्रस्तावाविरुद्ध एकजुटीने संपावर गेल्या आणि पहिल्याच दिवशी सरकारला वाटाघाटीला बसवले. तो परवाना हाही एक कागदच होता. भांडुप-ठाण्यापासून नवी मुंबई-पनवेलपर्यंतचा फायदेशीर टापू त्या कागदावर आखला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने वीज कायद्याच्या दुरुस्तीचा नवा मसुदा प्रसिद्ध केला, तोही कागदच. कागदाला कामगार भीत नाही हे त्या संपाने दाखवून दिले. पण पुढच्या लढ्यात त्याने तो कागद वाचलेलाही असला पाहिजे. कलमे लिहिणाऱ्या हातांपैकी जितके हात कष्टकऱ्यांच्या बाजूला येतील तितका हा लढा सोपा होईल. आणि जे येणार नाहीत त्यांनी लिहिलेली कलमे संघटित जनतेच्या बळावर बदलून घ्यावी लागतील.